मूळपेशींसाठी भांडे कोणते?

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूरहून निघणारा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता भिवंडी तालुक्यातल्या आमणे इथे येऊन पोहोचला. मुंबई-नाशिक महामार्ग आणि मानकोली, पूर्णा, काल्हेरची गोदामे आधीपासून होतीच. महामार्ग पूर्ण होण्याआधीच, ऑगस्ट २०२४ मध्ये, केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘बायोई३’ या जैवउत्पादन धोरणाला मंजुरी दिली होती. त्यात ज्या उपचारांना अग्रक्रम दिला आहे, त्यांत पेशींपासून बनणारी औषधेही येतात. रस्ता आहे, जागा आहे, सरकारी धोरण आहे. तेव्हा भिवंडीजवळच्या एखाद्या शेडमध्ये कोणी मूळपेशी वाढवायचे ठरवले तर नवल वाटायला नको. त्याची पहिली मोठी खरेदी बायोरिॲक्टरची असेल, म्हणजे ज्या भांड्यात पेशी वाढवायच्या त्या भांड्याची. ते कोणते घ्यावे हा प्रश्न केवळ खरेदी विभागाचा नाही. औषधाचा दर्जा आणि किंमत त्यावर ठरते, आणि ते औषध शेवटी कोणाला टोचले जाईल, हेही बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

या विषयातले ज्ञान भिवंडीपासून लांब नाही. पेशी जोपासून संशोधकांना पुरवणारी राष्ट्रीय सुविधा १९८६ मध्ये पुण्यात सुरू झाली. आज ती एनसीसीएस म्हणून ओळखली जाते. २००१ मध्ये अमेरिकी सरकारने संशोधनासाठी मान्य केलेल्या भ्रूण मूळपेशींच्या वाणांची यादी जाहीर केली, तेव्हा त्यात नवी मुंबईशी नाते असलेल्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे सात वाण होते. पवईच्या आयआयटीतून निघालेल्या इम्युनोॲक्ट कंपनीने टाटा मेमोरियल सेंटरच्या साथीने नेक्सकार१९ हा रक्ताच्या कर्करोगावरचा पेशी-उपचार उभा केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचे लोकार्पण झाले. त्या पेशी मूळपेशी नव्हेत, टी-पेशी आहेत. पण जिवंत पेशी हेच औषध आणि ते मुंबई महानगराच्या परिसरातच तयार करायचे, ही गोष्ट त्या प्रकल्पाने करून दाखवली आहे.

भांड्याचा प्रश्नही मुंबईला नवा नाही. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून लसीसाठी प्लेगचे जंतू वाढवत होते. गोमांस आणि डुकराचे मांस लोकांना चालणार नाही म्हणून त्यांनी बकऱ्याच्या मांसाचा रस्सा वापरला आणि त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. जंतू त्या थेंबांना धरून खाली झुंबरासारखे वाढत. चंबू स्थिर ठेवायचा, ठरावीक काळाने हलवायचा, वाढलेले जंतू तळाशी पाडायचे आणि पुन्हा वाढू द्यायचे, अशी ती पद्धत होती. ज्या जीवाला आधार धरून वाढायचे आहे त्याला आधी आधार दिला आणि मग चंबूची चाल त्याच्या सोयीने ठरवली. सव्वाशे वर्षांनंतरही बायोरिॲक्टर निवडताना विचाराची सुरुवात इथूनच करावी लागते.

कारण उपचारांसाठी सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या मूळपेशी, म्हणजे अस्थिमज्जेतून, चरबीतून किंवा नाळेतून मिळणाऱ्या मेसेन्कायमल पेशी, पृष्ठभागाला चिकटल्याशिवाय वाढत नाहीत. प्लास्टिकला चिकटणे हा तर त्यांच्या ओळखीच्या आंतरराष्ट्रीय निकषांपैकी एक आहे. २००६ मध्ये ते निकष ठरले. त्याच वर्षी ॲडम एंगलर, डेनिस डिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की आधाराचा पृष्ठभाग मऊ असेल तर या पेशी चेतापेशींसारख्या होऊ लागतात, कडक असेल तर हाडाच्या वाटेला लागतात. पेशी ज्याला चिकटली आहे ते तिच्याशी सतत बोलत असते. म्हणून बायोरिॲक्टर विकत घेताना आपण किती लिटर घेतो यापेक्षा किती चौरस सेंटिमीटर आणि कसला पृष्ठभाग घेतो, याला महत्त्व आहे.

थोडा हिशेब करून पाहू. अनेक चाचण्यांत दर किलो वजनामागे २० लाख पेशी हे प्रमाण वापरले गेले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या रायऑन्सिल या लहान मुलांसाठीच्या औषधाचा एका वेळचा डोसही तितकाच आहे. साठ किलोच्या माणसाला म्हणजे १२ कोटी पेशी लागतील. चौरस सेंटिमीटरला तीस हजार पेशी निघाल्या असे धरले, तर १७५ चौरस सेंटिमीटरच्या नेहमीच्या आडव्या फ्लास्कमधून साधारण साडेबावन्न लाख मिळतात. एका माणसाच्या एका डोससाठी असे तेवीस फ्लास्क हवेत. प्रत्येक फ्लास्कचे झाकण माध्यम, म्हणजे पेशींचे पोषणद्रव, बदलताना उघडायचे, पेशी काढताना पुन्हा उघडायचे. महिन्यात चार रुग्ण झाले की माणसांचे हात कमी पडतात, आणि प्रत्येक उघडणे हा जंतुसंसर्गाला दिलेला एक वाव असतो. फ्लास्कवर भागणार नाही, हे इथेच स्पष्ट होते.

पुढचा पर्याय थरांच्या पेटीचा. दहा मजली प्लास्टिकची पेटी ६,३२० चौरस सेंटिमीटर देते. वरच्या हिशेबाने सुमारे एकोणीस कोटी पेशी, म्हणजे दीड डोस. हिला वीज जवळजवळ लागत नाही, फक्त उबवणी कपाट लागते. नवशिका तंत्रज्ञ ती काही आठवड्यांत शिकतो. पेशींना फ्लास्कमध्ये जे मिळत होते तेच इथेही मिळते, त्यामुळे प्रयोगशाळेतला अनुभव वाया जात नाही. उणिवाही खऱ्या आहेत. पेटी जड असते, ती जराशी तिरकी राहिली तरी एका बाजूचा थर कोरडा पडतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली खालचाच मजला नीट दिसतो. वरच्या नऊ मजल्यांवर काय चालले आहे ते अंदाजाने घ्यावे लागते. शिवाय रुग्ण वाढले की पेट्याच वाढवायच्या, दुसरा मार्ग नाही.

पोकळ तंतूंचे यंत्र याच्या पुढचे. केसासारख्या हजारो बारीक नळ्यांच्या आत पेशी वाढतात आणि बाहेरून माध्यम फिरत राहते. तेरुमो कंपनीच्या क्वांटम यंत्राच्या एका नळकांड्यात २.१ चौरस मीटर पृष्ठभाग मावतो, म्हणजे वरच्या १२० फ्लास्कइतका. सगळे बंद नळ्यांमधून चालते, झाकण उघडायचा प्रश्न येत नाही. मात्र पेशी एकदाही डोळ्यांनी दिसत नाहीत. साखर किती खपली आणि लॅक्टेट किती वाढले यावरून त्यांची प्रकृती ओळखायची असते. ज्यांनी आयुष्यभर सूक्ष्मदर्शकावर विश्वास ठेवला त्यांना हे जड जाते आणि त्यांची काळजी रास्त आहे. नळकांडे, पिशव्या, जोडनळ्या सगळे एकाच उत्पादकाचे, एकदाच वापरायचे. बंदरात माल अडकला की यंत्र रिकामे बसते.

आणि मग ढवळणारी टाकी. व्हॅन वेझेल यांनी १९६७ मध्ये दाखवले की द्रवात तरंगणाऱ्या बारीक मण्यांवर चिकटणाऱ्या पेशी वाढवता येतात, आणि तेव्हापासून लसींच्या कारखान्यांत ही पद्धत रुळली. सायटोडेक्स-१ जातीच्या एक ग्रॅम कोरड्या मण्यांचा पृष्ठभाग ४,४०० चौरस सेंटिमीटर असतो. लिटरला तीन ग्रॅम मणी घातले तर तीन लिटरच्या छोट्या टाकीत जवळजवळ चार चौरस मीटर मिळतात आणि पन्नास लिटरच्या टाकीत ६६. कागदावर तीन लिटरमधून दहा डोस, पन्नास लिटरमधून दीडशेहून जास्त. आम्लता, विरघळलेला प्राणवायू आणि तापमान हे सगळे क्षणाक्षणाला मोजता येते, नमुना कधीही काढता येतो, आणि एका खेपेतला प्रत्येक डोस सारखा असतो. या पद्धतीची बाजू घेणारे म्हणतात की औषध म्हणायचे असेल तर सारखेपणा हवा आणि तो शंभर पेट्यांतून येत नाही. त्यांचे हे म्हणणे आम्हांला पटते.

पण त्या कागदावरच्या आकड्यात दोन ठिकाणी गळती आहे. पहिली घुसळणीची. पंखा जोरात फिरला की द्रवात बारीक भोवरे तयार होतात, आणि ते मण्याच्या आकाराइतके किंवा त्याहून लहान झाले की पेशींना ओरबाडतात. पंखा हळू फिरवला तर मणी तळाशी बसतात. या दोहोंमधली वाट अरुंद आहे. उभ्या चाकाच्या बायोरिॲक्टरमध्ये आणि झुलणाऱ्या पिशवीत ती थोडी रुंद होते. त्यातली पिशवी विजय सिंग यांनी १९९९ च्या शोधनिबंधातून जगापुढे आणली. दुसरी गळती काढणीची आहे आणि तिच्याबद्दल विक्रेते फारसे बोलत नाहीत. लस बनवताना पेशी मेली तरी चालते, कारण हवा असतो तो विषाणू. मूळपेशींच्या कामात पेशी हाच माल. तिला मण्यावरून जिवंत, धडधाकट, तिची क्षमता शाबूत ठेवून सोडवायची आणि मग मण्यांचा प्रत्येक कण गाळून टाकायचा. लसीच्या टाकीतले यश पाहून मूळपेशींची टाकी घेणारा या पायरीवर अडखळतो.

इतर मूळपेशींबद्दल थोडक्यात. प्रौढ पेशींना उलटे वळवून बनवलेल्या बहुक्षम पेशी, ज्यांच्यासाठी शिन्या यामानाका यांना २०१२ चे नोबेल मिळाले, मण्यांशिवाय गोळ्या करून द्रवात वाढतात. त्यांना ढवळणारी टाकी मानवते, फक्त गोळी फार मोठी झाली तर तिच्या गाभ्यापर्यंत प्राणवायू पोहोचत नाही. आणि रक्ताच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण, ज्यावर रक्ताच्या अनेक आजारांत उपचार म्हणून कोणाचाच आक्षेप नाही, त्यात बहुतेक वेळा पेशी वाढवाव्याच लागत नाहीत. दात्याकडून घ्यायच्या आणि रुग्णाला द्यायच्या. मूळपेशींचा जो उपचार सर्वांत जास्त सिद्ध झाला आहे, त्याला बायोरिॲक्टर लागत नाही, हे प्रत्येक गुंतवणूकदाराने आधी लक्षात घ्यावे.

आता भिवंडीच्या जमिनीवर येऊ. इथली वीज २६ जानेवारी २००७ पासून टोरंट पॉवर वितरित करते आणि त्याआधीच्या भारनियमनाच्या दिवसांपेक्षा परिस्थिती खूप सुधारली आहे. तरीही थोडा वेळ वीज जाण्याचा झटका कोणत्याही औद्योगिक पट्ट्यात बसतोच. तो बसला तर थरांची पेटी उबवणी कपाटाचे दार बंद ठेवून बराच वेळ तग धरते. पोकळ तंतूंच्या यंत्रात माध्यमाचा प्रवाह थांबतो. ढवळणाऱ्या टाकीत मणी काही मिनिटांत तळाशी बसतात, पेशी एकमेकींवर चढतात, प्राणवायू संपतो. मोठ्या टाकीला म्हणूनच दुहेरी यूपीएस आणि जनरेटर लागतो आणि त्यांचा खर्च टाकीच्या किमतीत धरावा लागतो. यंत्रमागांच्या परिसरातल्या हवेत सुताचा तंतू असतो, पावसाळ्यात बुरशीचे बीजाणू असतात. स्वच्छ खोलीचे गाळण पट पुण्यातल्यापेक्षा इथे लवकर भरतील, आणि जे काम उघड्यावर होते त्याला धोका जास्त राहील. कामवारी नदीच्या काठची, २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेली जागा तर या कामासाठी घेऊच नये.

ही परिस्थिती बंद यंत्राच्या बाजूने कौल देते. इथे हाफकिन यांचाच दुसरा धडा आठवतो, आणि तो दुःखाचा आहे. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी मुंबईची लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने गेली. सगळी एकाच बाटलीतून टोचलेली होती. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन निलंबित झाले. पुढे त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की बाटली गावात उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. १९०७ मध्ये त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला. यातून दोन गोष्टी निघतात आणि त्या एकमेकींविरुद्ध ओढतात. माल भांड्यात जितका सुरक्षित असतो तितका भांडे उघडताना नसतो. म्हणजे उघडणे कमी करा. आणि अपघात झालाच तर तो एका बाटलीपुरता राहिला, कारण बाटल्या वेगळ्या होत्या. पन्नास लिटरच्या एका टाकीत संसर्ग झाला तर दीडशे डोस एकदम जातात. वेगवेगळ्या बंद नळकांड्यांपैकी एकात झाला तर साधारण पाच डोस जातात. लहान, बंद आणि सुटी भांडी हा पर्याय आम्हांला या दोन्ही कसोट्यांवर उजवा वाटतो.

तरी हा निकाल सगळ्यांना लागू नाही, कारण औषध दोन प्रकारचे असते. रिग्रो बायोसायन्सेसच्या कूर्चा आणि हाडासाठीच्या पेशींना २०१७ मध्ये मान्यता मिळाली. त्या रुग्णाच्या स्वतःच्याच असतात. तिथे प्रत्येक रुग्णाची खेप वेगळी आणि ती मोठ्या टाकीत एकत्र करताच येत नाही. बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सचे स्टेमप्युसेल मात्र दात्यांच्या अस्थिमज्जेतून एकत्र केलेल्या पेशींचे आहे. एका पेशीबँकेतून अनेक रुग्णांना. तिथे मोठे भांडे घेण्यात अर्थ आहे, कारण तिथे तपासणीचा खर्च खेपेमागे पडतो आणि खेप मोठी असेल तर तो विभागला जातो. गोठवून, द्रव नायट्रोजनमध्ये साठवून ते पाठवता येते, आणि मग भिवंडीची गोदामे आणि समृद्धीचा रस्ता खरोखर उपयोगी पडतात. ताज्या, काही तासांत टोचायच्या पेशी अंजूरफाट्याच्या कोंडीत अडकल्या तर त्या परळच्या रुग्णालयांत पोहोचेपर्यंत त्यांचे काय होईल, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

म्हणून दात्यांच्या पेशींचे औषध करायचे असेल तर थेट मोठी टाकी घ्यावी का? इथे आम्ही थांबून विचार करू इच्छितो. भिवंडीच्या मागवाल्याला माहीत आहे की माग रिकामा ठेवणे परवडत नाही. स्वतःचा धागा नसेल तर तो पडेल त्या मजुरीवर दुसऱ्याचे कापड विणून देतो, कारण कर्जाचा हप्ता मागाच्या खडखडाटावर फिटत असतो. मूळपेशींची मोठी टाकीही रिकामी ठेववत नाही. आणि मान्य असलेल्या आजारांची यादी लहान आहे. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या आजारांतले प्रत्यारोपण वगळता मूळपेशींचा वापर नियमबद्ध चाचणीतच व्हायला हवा. २०१९ च्या औषध व चिकित्सालयीन चाचणी नियमांनी अशा उत्पादनांना नव्या औषधांच्या चौकटीत आणले. अशा बाजारात दीडशे डोसांची टाकी घेणाऱ्याला ती भरून काढण्यासाठी कोणीतरी गिऱ्हाईक हवे असते. स्वमग्न मुलांचे आईबाप, पाठीच्या कण्याला इजा झालेल्या तरुणांची कुटुंबे, गुडघ्यांनी हैराण झालेली वयस्क मंडळी शेवटची आशा शोधत असतात आणि त्यांच्यापर्यंत पोहोचणे फार सोपे असते. टाकीच्या आकाराचा निर्णय हा म्हणून नैतिक निर्णयही आहे. रुग्णसंख्येच्या पुढे धावणारी क्षमता उभी करू नये, हे आमचे या सगळ्यातले सर्वांत पक्के मत आहे.

याला एक सबळ उत्तर दिले जाते. आज लहान भांड्यात चाचणी केली आणि उद्या यश आल्यावर मोठ्या टाकीत गेलो, तर नियामक विचारेल की ही तीच पेशी आहे कशावरून? मण्यावर वाढलेल्या पेशीचा आकार, ती सोडते त्या प्रथिनांचे प्रमाण आणि तिची प्रतिकारशक्तीवर परिणाम करण्याची ताकद सपाट प्लास्टिकवरच्या पेशीपेक्षा वेगळी असू शकते. भांडे बदलले की औषध बदलल्यासारखे होते, तुलनेच्या चाचण्या नव्याने कराव्या लागतात, वर्षे जातात. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. पण त्यावरचा उपाय मोठी टाकी आधीच घेणे हा नाही. पहिल्या दिवसापासून छोट्या प्रमाणात दोन्ही वाटा चालवाव्यात: रुग्णांसाठीची खेप बंद, सुट्या यंत्रांत; आणि शेजारी शंभर मिलिलिटरपासून तीन लिटरपर्यंतची ढवळणारी किंवा उभ्या चाकाची टाकी, फक्त शिकण्यासाठी, त्याच बँकेच्या पेशींवर, त्याच माध्यमात. दोन्हींतल्या पेशींची पृष्ठखूण, गुणसूत्रे, क्षमता यांची नोंद पहिल्यापासून ठेवली तर पुढे नियामकासमोर जाताना पुरावा हातात असेल. खर्च वाढेल. पण पन्नास लिटरची टाकी बंद पडून राहण्याच्या खर्चापेक्षा तो नक्कीच कमी असेल.

सरकारी मदतीबद्दलही बोलले पाहिजे. भांडवली अनुदान यंत्राच्या किमतीवर मोजले जाते तेव्हा मोठे यंत्र घेणारा जास्त मिळवतो. १९९९ पासूनच्या वस्त्रोद्योगाच्या तंत्रज्ञान सुधारणा निधीनेही अनुदान यंत्रालाच बांधले होते. बायोई३ अंतर्गत पेशींसाठी पैसा आला तर त्याचा मोठा हिस्सा पेशी तपासणीच्या सामाईक प्रयोगशाळेवर आणि माणसांच्या प्रशिक्षणावर जावा. भिवंडी, कल्याण, ठाण्याच्या महाविद्यालयांतून सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन निघणाऱ्या मुलामुलींना बंद यंत्र चालवायचे, माध्यमातली साखर वाचायची आणि संशयास्पद खेप न डगमगता फेकून द्यायची शिकवण मिळाली, तर कोणतेही भांडे त्यांच्या हातात चालेल. माध्यमासाठी मुंबईत सुरू झालेल्या हायमीडियासारख्या देशी उत्पादकांना सोबत घेतले तर आयातीवरचा एक मोठा भार उतरेल. गाईच्या वासराच्या रक्तद्रवाऐवजी मानवी प्लेटलेटच्या अर्कावर पेशी वाढवण्याची सवय पहिल्यापासून लावली तर पुढचे बदलही टळतील.

खरेदीच्या करारात आम्ही तीन अटी लिहून घ्यायला सांगू. पहिली, विक्रेत्याने स्वतःच्या आवडीच्या पेशींवर नव्हे, आपल्या बँकेतल्या पेशींवर, इथल्या पाण्यावर आणि इथल्या विजेवर तीन सलग खेपा काढून दाखवाव्यात, आणि काढणीनंतर जिवंत राहिलेल्या पेशींचा आकडा करारात यावा. दुसरी, एकदा वापरायच्या नळकांड्यांचा आणि पिशव्यांचा सहा महिन्यांचा साठा भारतातच असावा, आणि शक्य तिथे दुसऱ्या उत्पादकाचा माल चालेल अशी जोडणी असावी. तिसरी, खेप मध्येच बंद पडली तर तिचे काय करायचे याचा लेखी आराखडा असावा आणि त्यात ती खेप कोणत्याही परिस्थितीत रुग्णाकडे जाणार नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावे. या अटी मान्य नसतील त्या विक्रेत्याकडून पाच लिटरचे भांडेही घेऊ नये.